‘रीड मी’: एका उपेक्षित वाङ्मयाची समीक्षा

वाङ्मयप्रकारांची यादी करायला बसले की कथा, कादंबरी, कविता, नाटक आणि फार तर ललितनिबंध व प्रवासवर्णन इथपर्यंत येऊन आपण थांबतो. पुण्यात मराठी घेऊन एम. ए. करताना आम्हीही तिथेच थांबत होतो. पुढे लग्न होऊन मी जर्सी सिटीला आले, आणि १९९४ ते २००० या सहा-सात वर्षांत जे गद्य मी सर्वांत बारकाईने वाचले ते यांपैकी कोणत्याच प्रकारात बसणारे नव्हते. कॉम्प्युटरवरच्या खेळांबरोबर येणाऱ्या पुस्तिकांचे शेवटचे प्रकरण, म्हणजे ‘अडचण आल्यास काय करावे’. फ्लॉपीवर किंवा सीडीवर असणारी ‘रीड मी’ नावाची फाईल. आणि खेळ बंद पडताना पडद्यावर उमटणारी दोन ओळींची सूचना, हे ते गद्य. त्याला लेखकाचे नाव नसे. त्याचे परीक्षण कुणी केलेले माझ्या पाहण्यात नाही. तरी लाखो माणसांनी ते कपाळाला आठ्या घालून, एकेक शब्द लावून वाचले आहे. इतक्या एकाग्रतेने वाचले जाणारे दुसरे गद्य मला तरी इन्कम टॅक्सच्या फॉर्मखेरीज आठवत नाही.

निमित्त असे झाले. गेल्या थँक्सगिव्हिंगला मुलगा घरी आला होता. त्याला लहानपणचे खेळ हवे होते. क्लॉझेटच्या वरच्या फळीवरचे खोके त्याने खाली काढले, फ्लॉप्या आणि सीड्या बॅगेत भरल्या आणि पुस्तिका तशाच ठेवून दिल्या. “आई, ह्या आता लागत नाहीत,” म्हणाला. तो गेल्यावर त्या मी पुन्हा वाचल्या. कॉलेजात वाचायचे तशा, हातात पेन्सिल घेऊन.

आमच्या घराची तेव्हाची स्थिती थोडी सांगायला हवी, म्हणजे या गद्याचा वाचक कोण होता ते कळेल. जर्नल स्क्वेअरच्या मागच्या बाजूला एका बेडरूमचे अपार्टमेंट. एक टेलिफोन, एकच लाईन. जेवणाच्या टेबलाच्या टोकाला नवऱ्याच्या सहकाऱ्याकडून जुना घेतलेला ४८६. नवरा पाथच्या गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटरला जाई आणि साडेसातच्या आत काही येत नसे. मुलगा तीनला शाळेतून येई. जर्सी सिटीत तेव्हा कॉम्प्युटरमधल्या मराठी माणसांचा काही दुष्काळ नव्हता. न्यूअर्क ॲव्हेन्यूवर शनिवारी मेथीची जुडी निवडताना निदान दोन तरी भेटत. पण दुपारी साडेतीनला, खेळ अडकून पोरगा रडकुंडीला आलेला असताना, ती सगळी मंडळी नदीपलीकडे असत. तेव्हा दुरुस्ती खाते माझ्याकडे आले. मला प्रोग्रामिंगचे ओ की ठो कळत नव्हते. वाचता मात्र येत होते.

वाचताना माझी एक कसोटी आपोआप ठरून गेली, आणि आजही मी तीच लावणार आहे. कथेला आपण विचारतो, पात्रे जिवंत आहेत का? या गद्याला विचारायचे, चूक कुणाच्या पदरात टाकतेस?

सुरुवात अगदी छोट्या सूचनांपासून करते. डॉसच्या काळ्या पडद्यावर काही चुकीचे टाईप केले की उत्तर येई, ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’. आज्ञा तरी चुकली आहे किंवा फाईलचे नाव तरी. दोहोंपैकी काय, ते सांगायची तसदी नाही. तरीही मला ही सूचना आवडते, कारण ती आपले अज्ञान लपवत नाही. तू जे म्हणालास ते मला कळले नाही, एवढेच ती म्हणते. ‘ॲबॉर्ट, रिट्राय, फेल?’ हा प्रश्न मात्र मला नेहमी तत्त्वज्ञानाच्या पेपरातला वाटे. सोडून द्यायचे, पुन्हा प्रयत्न करायचा, की हरल्याचे मान्य करायचे. आणि पहिल्यात व तिसऱ्यात फरक काय, ते सांगायला आसपास कुणी नाही.

१९९५ च्या ऑगस्टात विंडोज ९५ आले आणि या गद्याचा सूरच बदलला. त्यातले सर्वांत गाजलेले वाक्य म्हणजे, या प्रोग्रामने ‘इल्लीगल ऑपरेशन’ केले आहे, सबब तो बंद करण्यात येत आहे. नीट वाचले तर आरोप वापरणाऱ्यावर नाही, प्रोग्रामवर आहे. प्रोसेसरला मान्य नसलेली काही गोष्ट प्रोग्रामने केली, आपली नसलेली मेमरी चाळवली, एवढाच त्याचा अर्थ. यंत्र बांधणाऱ्यांच्या बोलीतला एक पारिभाषिक शब्द घरगुती पडद्यावर आला. पण शब्द ज्या घरात उच्चारला जातो त्या घराप्रमाणे त्याला अर्थ येतो. आमची ग्रीन कार्डाची फाईल तेव्हा तिसऱ्या वर्षात होती. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. नातवाच्या खुर्चीमागे उभे राहून त्यांनी पडद्यावरचे अक्षर अन् अक्षर लावले आणि स्वयंपाकघरात येऊन हळूच मला विचारले, “अगं, हे इल्लीगल म्हणतंय. आपले कागद नीट आहेत ना?” मी हसले. पण त्या दुपारी मी पासपोर्टांची पिशवी एकदा उघडून पाहिली, हेही प्रामाणिकपणे सांगते. भाषांतरच करायचे तर ‘प्रोग्रामकडून चूक झाली’ एवढे पुरले असते. गुन्ह्याची भाषा कशाला?

यापेक्षा जास्त गोंधळ घालणारी सूचना म्हणजे ‘मेमरी पुरेशी नाही’. खोक्यावर लिहिलेले असे, चार मेगाबाइट हवेत. आमच्या यंत्रात आठ होते. पैसे मोजून घातलेले. तरी पडद्यावर नन्नाच. याचे कारण समजायला मला दोन आठवडे लागले आणि समजले तेव्हा आजोळचा वाडा आठवला. डॉसच्या मूळ रचनेत प्रोग्रामला बसायची जागा म्हणजे पहिले ६४० किलोबाइट, ती ओसरी. पुढे वाड्यामागे कितीही एकर जमीन घेतली तरी आलेल्या पाहुण्याने आधी ओसरीवरच टेकायचे, अशी रीत. आणि ओसरीवर आधीच माऊसचा ड्रायव्हर, सीडीचा ड्रायव्हर, साउंड कार्डाचा ड्रायव्हर अशी मंडळी पथारी पसरून बसलेली! उपाय दोन. एक म्हणजे ६४० किलोबाइट आणि एक मेगाबाइट यांच्या मधल्या माळ्यावर त्यांना चढवायचे. ‘कॉन्फिग डॉट सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक डॉट बॅट’ या दोन फायलींत तशा ओळी लिहाव्या लागत. डॉस सहापासून ‘मेममेकर’ नावाचा एक प्रोग्राम ही हलवाहलव स्वतःच करून पाही. दुसरा उपाय म्हणजे ‘बूट डिस्क’. खेळापुरती वेगळी फ्लॉपी करायची, तिच्यावरून यंत्र सुरू करायचे आणि ओसरीवर अगदी निकडीचे तेवढेच बसवायचे. आमच्याकडे अशा सात फ्लॉप्या होत्या आणि त्यांवर मुलाच्या अक्षरात खेळांची नावे होती.

म्हणजे मेमरी पुरेशी होती. जागेची वाटणी चुकलेली होती. सूचना खोटे बोलत नव्हती, पण तिच्या शब्दांवर विश्वास ठेवून त्या वर्षांत किती घरांनी नाहक मेमरी विकत घेतली असेल! अर्धवट खरे बोलणारे गद्य खोट्यापेक्षा महाग पडते, हे मला त्या बिलावरून कळले.

साउंड कार्डाची कथा वेगळी. खेळ बसवताना तो विचारी, पत्ता २२० का? इंटरप्ट पाच की सात? डीएमए एक का? मला वाटे, आपण आगगाडीच्या चौकशीच्या खिडकीशी उभ्या आहोत आणि खिडकीतला माणूस उलट आपल्यालाच विचारतोय की गाडी कितीची. चुकीचे उत्तर दिले तर खेळ सुरू होई, चित्र येई आणि पहिला आवाज यायच्या क्षणी सगळे गोठे. सूचनाही नाही. सात नंबरचा इंटरप्ट बहुधा प्रिंटरच्या वाट्याला गेलेला असतो, हे मला एका रीड मी फाईलच्या तळाशी सापडले. मुख्य पुस्तिकेत त्याचा उल्लेख नव्हता.

पण निखळ खोटे बोलणारी सूचनाही मी पाहिली आहे, आणि माझ्या मते या साऱ्या वाङ्मयातला तो सर्वांत विलक्षण नमुना आहे. नव्वदीच्या शेवटी वेगवान पेंटियम यंत्रे आली आणि टर्बो पास्कल भाषेत लिहिलेले कितीतरी प्रोग्राम सुरू होताक्षणीच ‘रनटाइम एरर २००’ म्हणून मान टाकू लागले. १९९४ चा ‘जॅझ जॅकरॅबिट’ हा सशाचा खेळ त्यांपैकीच एक. एरर २०० चा अर्थ शून्याने भागाकार. प्रत्यक्षात शून्य कुठेच नव्हते. प्रोग्राम सुरू होताना यंत्राचा वेग मोजण्यासाठी, घड्याळाच्या एका ठोक्यात म्हणजे साधारण ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामा फेरा किती वेळा फिरतो ते मोजले जाई आणि त्या आकड्याला ५५ ने भागले जाई. उत्तर ठेवायला दिलेल्या जागेत ६५,५३५ पर्यंतचाच आकडा मावत होता. यंत्रे इतकी वेगवान झाली की उत्तर त्या जागेत मावेना. भागाकार फसला की, कारण काहीही असो, प्रोसेसर एकच घंटा वाजवतो. आणि घंटा ऐकून पास्कलने ठरवून टाकले, शून्याने भागले! भाजक पंचावन्न असताना! यंत्र चांगले असल्यामुळे खेळ पडत होता, आणि सूचना मात्र तिसरीतल्या पोराची चूक सांगत होती. जुन्या खेळांसाठी यंत्राच्या पुढच्या बाजूला वेग कमी करायचे ‘टर्बो’ नावाचे बटण का असे, तेही मला तेव्हा उमगले. एकेकाळी प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी यंत्राच्या वेगालाच घड्याळ मानले होते.

याच मालिकेतली सार्वजनिक शोकांतिका १९९४ च्या नाताळात झाली. ‘द लायन किंग’ चित्रपट त्या वर्षी गाजलेला; डिस्नेने त्यावरचे ‘ॲनिमेटेड स्टोरीबुक’ सीडीवर काढले आणि घरोघरी झाडाखाली ते पोचले. नाताळच्या सकाळी मुलांनी ते लावले, आणि अनेक घरांत ते चाललेच नाही. कॉम्पॅकच्या प्रेझारिओ यंत्रांतला पडद्याचा ड्रायव्हर आणि खेळाने वापरलेली मायक्रोसॉफ्टची ‘विनजी’ ही चित्रे हलवणारी व्यवस्था यांचे जमेना. डिस्नेच्या मदतकेंद्राचे फोन तुंबले. मायक्रोसॉफ्टने १९९५ साली ‘डायरेक्टएक्स’ आणले, त्यामागच्या कारणांत हा नाताळही सांगितला जातो. मला या प्रसंगात रस आहे तो वेगळ्यासाठी. खेळ करणारे, यंत्र करणारे आणि मधली व्यवस्था पुरवणारे असे तीन पक्ष होते, आणि चौथा पक्ष म्हणजे नाईटगाऊनवर बसलेली आई. पहिले तिघे एकमेकांकडे बोट दाखवू शकत होते. चौथीकडे फक्त पोराचा चेहरा होता.

आता रीड मी. छापील पुस्तिका छापखान्यात आधी जाते, सीडी नंतर तयार होते. मधल्या आठवड्यांत जे दोष सापडतात ते पुस्तिकेत घालता येत नाहीत. ते रीड मी फाईलमध्ये जातात. आपल्याकडच्या पुस्तकांत पहिल्या पानाआधी चिकटवलेले ‘शुद्धिपत्र’ असते ना, त्याचेच हे भावंड. शुद्धिपत्र वाचून मला नेहमीच मुद्रितशोधकाविषयी आपुलकी वाटत आली आहे. रीड मी वाचूनही तीच वाटे. पुस्तिकेत राजे, सेना, जादूगार आणि ‘अद्भुत अनुभव’. रीड मीत मात्र एक थकलेला माणूस, बहुधा रात्री अकरा वाजता, सांगत असे की अमुक कंपनीचे कार्ड असेल तर आवाज फाटेल, आम्हाला माहीत आहे, तूर्त उपाय नाही. विशेषणे नाहीत. सजावट तर शक्यच नाही, कारण साध्या अक्षरांखेरीज त्यात काही घालता येत नसे. ‘आम्हाला माहीत आहे’ हे शब्द दुपारी चार वाजता किती धीर देतात, ते ज्यांनी वाचले त्यांनाच कळेल. दोष आपल्या घरात नाही, एवढे कुणीतरी लेखी दिले.

प्रामाणिकपणाची हीच परंपरा पुढे खेळ बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या नावाच्या लेखनात आली. मोडेमवरून एकमेकांशी खेळण्याचे वेड सुरू झाले तेव्हाची गोष्ट. ‘डूम’ १९९३ च्या डिसेंबरात आला. त्याची पहिली आवृत्ती ऑफिसच्या जाळ्यावर प्रत्येक निरोप सगळ्याच यंत्रांना पाठवी, त्यामुळे अख्खे जाळे तुंबे आणि कित्येक ठिकाणी त्यावर बंदी आली. १९९६ साली ‘क्वेक’ आला. त्याचे जाळ्याचे काम करणारे जॉन कारमॅक यांनी काही आठवड्यांतच जाहीरपणे लिहून टाकले की माझे मूळ गृहीतकच चुकले. निरोप जायला-यायला २०० मिलिसेकंदांच्या आत लागतात असे धरून त्यांनी आखणी केली होती. प्रत्यक्षात बहुतेक जग मोडेमवर होते आणि तिथे ३०० च्या खाली काही येत नव्हते. मग त्यांनी ‘क्वेकवर्ल्ड’ काढला, ज्यात दूरच्या यंत्राच्या उत्तराची वाट न पाहता तुमचे यंत्र तुमची हालचाल अंदाजाने लगेच दाखवते. उपाय हुशारीचा आहेच, पण समीक्षक म्हणून मी आधीच्या कबुलीला जास्त गुण देईन. वेगवान जोडणी असलेल्या माणसाने, माझ्या टेबलावरून मला तुमचे टेबल दिसले नाही, असे म्हणणे सोपे नाही.

दुसरा लेख तर मी एखादी चांगली कथा वाचावी तसा दोनदा वाचला. ‘एज ऑफ एम्पायर्स’ या १९९७ च्या खेळाचे जाळे कसे बांधले यावर पॉल बेटनर आणि मार्क टेरॅनो यांनी २००१ साली लिहिलेला तो लेख. १६ मेगाबाइटचे पेंटियम ९० आणि २८.८ चा मोडेम, म्हणजे आमच्यासारख्यांचे यंत्र, डोळ्यांपुढे ठेवून त्यांनी काम केले. हजारो सैनिकांच्या जागा मोडेमवरून पाठवणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी फक्त आज्ञा पाठवल्या, आणि प्रत्येकाच्या घरी तोच खेळ स्वतंत्रपणे, तंतोतंत सारखा चालेल अशी व्यवस्था केली. दोन घरांत कुठे केसाएवढा फरक पडला की खेळ ‘आउट ऑफ सिंक’ होऊन थांबे. दोष शोधणे महाकठीण. त्यांचे उदाहरण असे, की नकाशा तयार होताना एक हरीण किंचित वाकडे उभे राहिले. मग ते किंचित वेगळे चरले. काही मिनिटांनी एक गावकरी किंचित वेगळ्या वाटेने गेला, त्याचा भाला चुकला आणि तो मांसावाचून घरी आला. इतक्या छोट्या वाकडेपणाने दोन घरांची जगे वेगळी होतात! परदेशी राहणाऱ्याला हे समजवावे लागत नाही.

त्याच लेखातले एक निरीक्षण मला फार मोलाचे वाटले. सतत सारखाच उशीर होत असेल तर खेळणारा त्याची सवय करून घेतो. कधी झटकन, कधी रेंगाळत असे झाले की वैतागतो. भारतात फोन लावताना आपल्या शब्दाला उत्तर यायला अर्धा-एक क्षण लागे, ते ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी ताडून पाहावे. ठरावीक उशीर असला तर आपण थांबून थांबून बोलायला शिकत होतो. तो कमीजास्त झाला की दोघेही एकदम बोलत, दोघेही एकदम थांबत, आणि मिनिटाचे पैसे जात.

आणि आता पुस्तिकेतल्या तक्त्याकडे येते. हे लिहायचे मी टाळत होते.

तक्ता म्हणजे डावीकडे ‘अडचण’, उजवीकडे ‘उपाय’. माझ्याकडे प्रेशर कुकरबरोबर आलेली एक मराठी पुस्तिका अजून आहे. तिच्यातही असाच तक्ता आहे. शिट्टी होत नसल्यास काय, बाजूने वाफ येत असल्यास काय. पण त्या तक्त्याखाली जाड ठशात लिहिले आहे की वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण उघडू नये. कुकरची पुस्तिका लिहिणाऱ्याला दिसत होते की भांड्याशेजारी एक माणूस उभे आहे. खेळांच्या तक्त्यात तसे कुणी उभे नसते. तिथे फक्त खेळ आहे आणि खेळाच्या वाटेतले अडथळे आहेत. एका पुस्तिकेत अडचण अशी लिहिलेली होती: दुसरा फोन आल्यास जोडणी तुटते. उपाय: नंबराआधी ‘स्टार सत्तर’ आणि एक स्वल्पविराम घाला. स्टार सत्तर म्हणजे त्या कॉलपुरते कॉल वेटिंग बंद. स्वल्पविराम म्हणजे मोडेमने दोन सेकंद थांबायचे; विरामचिन्हाचा इतका शब्दशः अर्थ मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि मला त्याची गंमत वाटली होती. मी ती ओळ पेन्सिलीने अधोरेखित केली आणि मोडेमच्या नंबरात माझ्या हाताने भरली. जोडणी तुटणे बंद झाले. मुलाने मला मिठी मारली.

१९९८ च्या जानेवारीतला एक शनिवार. सकाळी साडेनऊला मुलगा खेळायला बसला. मी न्यूअर्क ॲव्हेन्यूवर किराणा आणायला गेले, नवरा लाँड्रीत. सांगलीत तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. बाबांना दुसऱ्या दिवशी पहाटे ऑपरेशनला घ्यायचे ठरले होते; अचानक ठरले. घरच्या फोनवर आयएसडी नव्हते, म्हणून ते दादाबरोबर स्वतः चालत कोपऱ्यावरच्या बूथवर आले. सव्वादोन तास दोघे तिथे बसले. दादा पुन्हापुन्हा २०१ फिरवत होता आणि दर वेळी एंगेज्ड. सव्वादहाला बूथवाला बंद करायला लागला तेव्हा बाबा उठले. रविवारी दादाचा फोन लागला तो हॉस्पिटलातून. मी चौथ्या दिवशी पोचले. त्यांच्या घशात नळी होती. ते आणखी बारा दिवस होते.

सांगलीहून मी मुलाला फोनवर बोलले ते इथे लिहिणार नाही. तो अकरा वर्षांचा होता. “तुझा खेळ” हे शब्द मी पुष्कळदा वापरले. त्याने काहीच उत्तर दिले नाही. परत आल्यावर कितीतरी महिने त्याने मोडेमला हात लावला नाही, आणि मीही लाव म्हटले नाही. मार्चमध्ये कधीतरी कॉम्प्युटरची धूळ पुसताना ती पुस्तिका हाती आली, आणि माझी पेन्सिलीची रेघ दिसली.

तेव्हा समीक्षकाची तक्रार अशी आहे. त्या तक्त्यातला उपाय अचूक होता. लिहिलेले अक्षर अन् अक्षर खरे होते. पण ‘अडचण’ आणि ‘उपाय’ यांच्यापुढे तिसरा रकाना नव्हता: हा उपाय केल्यास घरात आणखी काय बंद पडेल. कॉल वेटिंग बंद झाले की बाहेरच्या माणसाला सतत एंगेज्ड ऐकू येईल, हे एक वाक्य. कुकरवाल्याने ते लिहिले असते. खेळाच्या पुस्तिकेने घरातली एकुलती फोनलाईन खेळाचीच धरली होती, आणि येणारा प्रत्येक फोन म्हणजे व्यत्यय. कारमॅकनी जशी गृहीतकाची कबुली दिली तशी या गृहीतकाची कुणी दिल्याचे मला माहीत नाही. माझी चूक मी यात वजा करत नाही. स्टार सत्तरचा अर्थ मला ठाऊक होता. त्या शनिवारी तो आठवला नाही, एवढेच.

आजच्या स्थितीविषयी थोडक्यात. जुने खेळ चालवायला २००२ पासून ‘डॉसबॉक्स’ आहे, तो नव्या यंत्रात एक जुने यंत्र उभे करतो. त्यात वेग कमीजास्त करायची सोयही आहे, म्हणजे टर्बोचे बटण परत आले. २००८ पासून ‘गुड ओल्ड गेम्स’ या नावाने सुरू झालेले दुकान असले खेळ दुरुस्त करून विकते. जाळ्यावरच्या खेळांची गोष्ट दुःखाची. कित्येक खेळांना जोडून देणारी ‘गेमस्पाय’ची सेवा २०१४ च्या मे अखेर बंद झाली, आणि त्या खेळांतल्या जोडणीच्या अडचणींवर कोणत्याच तक्त्यात उपाय उरला नाही. नव्या सूचना तर वाचवत नाहीत. ‘समथिंग वेंट राँग’. काहीतरी चुकले! काय, कुठे, कुणाचे, काही नाही. वर एक दुःखी चेहरा काढलेला. ‘बॅड कमांड’ने निदान दोन शक्यता दिल्या होत्या. इल्लीगल म्हणून दटावणारे गद्य मला आवडत नव्हते, पण हे लाडिक गद्य त्याहून परके वाटते. आधीचे माझ्याशी उद्धटपणे का होईना बोलत होते.

मुलगा आता चाळिशीच्या उंबरठ्यावर आहे. त्या शनिवारविषयी आम्ही कधी बोललो नाही. थँक्सगिव्हिंगनंतर मी जेव्हा ती पुस्तिका पुन्हा उघडली तेव्हा तक्त्याचे पान पाहिले आणि मग, पेन्सिल हातात होती म्हणून, शेवटपर्यंत गेले. शेवटी ‘नोट्स’ असा मथळा असलेली दोन कोरी पाने असतात. त्यांतल्या पहिल्यावर, रविवारच्या मराठी शाळेत शिकलेल्या मोठ्या अक्षरांत, वेलांट्या चुकवून लिहिले आहे: ‘शनीवार ९ ते १२ नाही. ईंडिया फोन. आजी.’ खाली रेघ मारून भारतातली वेळ मांडली आहे, साडेसात ते साडेदहा. गणित बरोबर आहे.